बाल्डरच्या पायथ्याशी पाच दाणे

इथल्या नियमाने घड्याळं एक तास मागे गेली की आमच्या पार्सिपनी गावात हिवाळा सुरू होतो आणि अंटार्क्टिकातल्या आस्गार्ड डोंगररांगेत उन्हाळा. ही दुसरी गोष्ट मला चार वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हती, आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. आता मात्र नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की हात घरातली घड्याळं मागे करत राहतात (आधी मायक्रोवेव्ह, मग ओव्हन, मग जिन्यातलं, शेवटी गाडीतलं) आणि डोकं तिकडच्या उन्हात जाऊन बसतं. बाहेर रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग लावलेले असतात. हीटर पहिल्यांदा लावला की जाळीत साठलेली धूळ भाजल्याचा वास घरभर पसरतो. या वासाबरोबर मला डोंगर आठवतात. मी ते पाहिलेले नाहीत आणि पाहणारही नाही.

त्या वर्षी आमची मुलगी गार्गी पहिल्यांदा तिकडे गेली. ती मातीतल्या सूक्ष्म जीवांवर पीएचडी करत होती. जगातली इतकी माती सोडून तिला नेमकी तिथली माती हवी होती, जिथे जवळजवळ काहीच जगत नाही. "जिथे काही नाही तिथे थोडंसं काय आहे ते बघायचंय, आई," असं तिने मला समजावलं होतं. मी मान डोलावली. मी एका विमा कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते. मला काय बघायचंय यापेक्षा काय काय न्यायचंय हे आधी लागतं.

ती यादी आली तेव्हा मी खूश झाले. सव्वीस पानं. मोजे कसले, किती, एकावर एक कोणत्या क्रमाने घालायचे. सनस्क्रीन ओठांच्या आतल्या कडेलाही कसं लावायचं. दातांची तपासणी, रक्ताची तपासणी, मृत्युपत्र. मृत्युपत्राचं पान मी पटकन उलटलं. पण बाकीची यादी वाचताना वाटलं, जगात कुठेतरी माझ्यासारखी माणसं एकत्र बसून काम करतात. आमच्या घरात माझ्या याद्यांची चेष्टा होते. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, आणि शिरीषच्या म्हणण्याप्रमाणे कुठल्या याद्या कुठे आहेत त्याची आणखी एक.

शिरीष म्हणजे माझा नवरा. तो आयटीत आहे. त्याच्या स्वतःच्या वस्तू त्याला कधी सापडत नाहीत, म्हणून त्याच्या मताला मी फार किंमत देत नाही.

त्या रांगेतल्या दऱ्या कोरड्या आहेत. अंटार्क्टिका म्हटल्यावर मला पांढरं दिसायचं, पण गार्गीने दाखवलेल्या फोटोंत सगळं तपकिरी होतं, नागपूरच्या मे महिन्यातल्या उघड्या मैदानासारखं. वारा इतका कोरडा की पडलेला बर्फ वितळायच्या आधीच उडून जातो. तिथे काही कुजत नाही. समुद्रापासून वाट चुकून आत आलेले सील कधीकाळी मरून पडले, ते अजून तसेच पडलेले आहेत, कातड्यासकट. पावलाचा ठसा उमटला तर तो पुसायला कोणी येत नाही. म्हणून तिथले नियम कडक. जेवताना खाली ताट धरायचं, कण सांडता कामा नये. तोंड धुतलेलं पाणी बाटलीत भरून परत आणायचं. लघवीसुद्धा बाटलीत. हे ऐकून शिरीषने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "अशी चार माणसं आपल्या घरी पाठवतील का विचार."

निघायच्या आधी गार्गीने मला रांगेचा एक नकाशा छापून दिला. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजवर लावला. युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या देवांची नावं त्या डोंगरांना दिलेली आहेत. आस्गार्ड म्हणजे त्या देवांचं गाव. ओडिन, थोर, लोकी अशी शिखरं. हाइमडाल नावाची हिमनदी. तो त्यांचा पहारेकरी, त्याला गवत उगवतानाचाही आवाज ऐकू यायचा म्हणे. पहारेकरी जवळच आहे हे मला बरं वाटलं. वल्हाला नावाचीही हिमनदी आहे. ते मेलेल्या योद्ध्यांच्या मेजवानीचं दालन आहे असं वाचल्यावर मी त्या नावावर फ्रिजचं एक मॅग्नेट सरकवून ठेवलं.

दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहणाऱ्या वैद्य काकू मंगळवारी चहाला येतात. त्यांनी चष्मा वर करून नकाशा बराच वेळ न्याहाळला.

"हा ओडिन म्हणजे आपला कोण?"

"सगळ्यात मोठा, काकू. त्याने ज्ञान मिळावं म्हणून एक डोळा काढून दिला."

"अगं बाई. कोणी मागितला?"

"विहिरीच्या राखणदाराने."

काकूंनी बिस्कीट चहात बुडवलं. "आपल्याकडे नुसती सेवा केली तरी भागतं," त्या म्हणाल्या. "आणि पोरीचा तंबू कुठे?"

मी बाल्डर नावाच्या शिखराखाली मारलेली पेन्सिलची फुली दाखवली. बाल्डरबद्दल मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पुढे डिसेंबरात लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात त्याची गोष्ट सापडली. बाल्डर हा ओडिनचा मुलगा, सगळ्यांचा लाडका. त्याला मरणाची स्वप्नं पडायला लागली, तेव्हा त्याची आई फ्रिग उठली आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेत फिरली की माझ्या मुलाला इजा करणार नाही. आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, आजार, साप. एकेकीकडे जाऊन, एकेकीचं नाव घेऊन. फक्त एका बांडगुळाची कोवळी फांदी तिने सोडली, एवढीशी तर आहे म्हणून. त्या देवांतल्या कपटी लोकीला ते कळलं, त्याने ती बाल्डरवर फेकवली, आणि बाल्डर त्या फांदीने मेला.

मी पुस्तक मिटलं. देवांच्या कथांत आया खूप असतात, रडणाऱ्या, वाट पाहणाऱ्या, शाप देणाऱ्या. यादी घेऊन निघालेली आई मला पहिल्यांदाच भेटली होती. तिचा दिवस कसा गेला असेल हे मला नीट कळत होतं. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या पार्टीत दारावर बांडगुळाची जुडी टांगलेली होती, इथे नाताळात टांगतात तशी. मी बाजूच्या दाराने आत गेले.

गार्गी नोव्हेंबरच्या मध्यावर निघाली. बॅगा दारात, टॅक्सी पंधरा मिनिटांवर, सव्वीसच्या सव्वीस पानांवर बरोबरच्या खुणा झालेल्या. तेव्हा मला आठवलं की तिची ओटी भरायची राहिली. लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरावी का, यावर काकूंचं आणि माझं एकमत नाही. मी भरते. आमच्याकडे गव्हाने भरतात. खिरीसाठी आणलेला गहू डब्यात होताच.

"आई, आत्ता?" गार्गी म्हणाली.

"दोन मिनिटं. उभी राहा."

तिच्या अंगावर पदर नव्हता, ओढणी नव्हती. तिने अंगातल्या फ्लीसच्या जॅकेटचा खालचा घेर दोन्ही हातांनी पुढे ताणला आणि मी त्यात खण, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली. मग गहू. ओंजळीनं, तीनदा. हळदीकुंकू लावलं. तिने वाकून नमस्कार केला. वाकताना जॅकेट कलंडलं, ती हसली, आणि मी नारळ झेलला. खण आणि नारळ देवापुढे परत ठेवले, गहू डब्यात ओतून घेतला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. ते कुठल्याही यादीत नव्हतं.

तिकडे जाण्याआधी न्यूझीलंडमध्ये सगळ्यांचे कपडे तपासतात. खिसे व्हॅक्यूमने साफ करतात, वेल्क्रोत अडकलेलं बी चिमट्याने काढतात. गार्गीचं जॅकेट त्यातून पार पडलं. खिशाच्या कोपऱ्यात एक भोक होतं आणि वाकताना खिशात सांडलेले ओटीतले दाणे त्यातून कधीच अस्तरात गेले होते.

त्या हिवाळ्यात आठवड्याला एकच दिवस खरा होता, शनिवार. दुपारी चार वाजता सॅटेलाइट फोन यायचा. तिकडे रविवारची सकाळ असायची, आणि सकाळ म्हणायची ती घड्याळावरून, कारण सूर्य मावळतच नव्हता. तो डोंगरांवरून गोल फिरतो आणि सावली तंबूभोवती फिरत राहते, असं ती सांगायची. दहा मिनिटं मिळायची. आपलं बोलणं पोचायला क्षणभर लागतो, म्हणून दोघी एकदम बोलायचो आणि दोघी एकदम थांबायचो. मी विचारायचे प्रश्न लिहून ठेवायचे. ती त्यातल्या दोनांची उत्तरं द्यायची आणि मग भलतंच काहीतरी सांगायची. "इथे वास नाहीये, आई. कशालाच. काल मेतकुटाचा डबा उघडला तर मार्था तंबूत धावत आली." मार्था म्हणजे कॅम्पची प्रमुख, साठीची, कमी बोलणारी. तिने भातावर मेतकूट आणि तूप घेऊन पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची वाटी घेऊन आली. एकदा गार्गी म्हणाली, वारा थांबला की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. फोन ठेवल्यावर मी आमच्या घरात ते ऐकायचा प्रयत्न केला. फ्रिजचा आवाज, शेजाऱ्यांचा पानं उडवायचा ब्लोअर, खाली शिरीष काहीतरी शोधत होता.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी फोन वेळेवर आला, पण तिचा आवाज वेगळा होता.

"आई, नीट ऐक. ओटीत गहू किती होते?"

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. मग तिने सांगितलं. आदल्या दिवशी वारा सुटला म्हणून तिने जॅकेटच्या खालची दोरी ओढली, तर दोरीच्या भोकातून गव्हाचा एक दाणा तिच्या हातात आला. तंबूत बसून, खाली ताट धरून तिने सगळं अस्तर चाचपलं. आणखी चार निघाले. एकूण पाच. पण हेच जॅकेट घालून ती तीन आठवडे बाल्डरखालच्या उतारावर गुडघे टेकून माती गोळा करत होती. एखादा दाणा जरी तिथे पडला असेल, तरी त्या मातीत नंतर जे सापडेल ते तिथलं की आमच्या डब्यातलं, हे कोणी सांगू शकणार नव्हतं. त्या जागेचे सगळे नमुने बाद. मोसम संपायला दोन आठवडे राहिले होते.

"मार्था म्हणते, जेवढे आत गेले तेवढेच सापडले असतील तर सॅम्पल्स ठेवता येतील," गार्गी म्हणाली. "मी तिला सांगितलं, आपल्याकडे सगळं पाच असतं. पाच सुपाऱ्या, पाच फळं, पाच सवाष्णी. तू पाच दाणे घातले असशील ना, आई? पाचच ना?"

फोन स्पीकरवर होता. समोर शिरीष उभा होता. त्याने उजव्या हाताची पाच बोटं पसरून माझ्यापुढे धरली आणि मान जोरात हलवली.

मी घरातल्या बल्बांची संख्या सांगू शकते. फ्रीजरमध्ये वाटणाचे किती डबे आहेत, गार्गीच्या बॅगेत किती मोजे गेले, कोणत्या रंगाचे, हे तेव्हाही सांगू शकले असते. मला ते दृश्य समोर दिसत होतं, ताणलेलं जॅकेट, पिवळट गहू, माझे दोन हात. आकडा कुठेही नव्हता. ओटी भरताना मोजायचं नसतं, म्हणून मी मोजलं नव्हतं. माझ्या आईनेही कधी मोजलं नव्हतं.

"मला माहीत नाही, गार्गी," मी म्हटलं. "मी ओंजळीनं घातले. तीन ओंजळी. परत डब्यात ओतले तेव्हा किती राहिले, ते मी पाहिलं नाही."



"ओके," ती म्हणाली. मग म्हणाली, "थँक्स, आई." आणि दहा मिनिटं संपायच्या आत फोन बंद झाला.

शिरीषचा हात अजून हवेत होता. "एक शब्द," तो म्हणाला. "पाच. काय बिघडलं असतं?"

"मला माहीत नव्हतं."

"पंचवीस वर्षांत तुला एखादी गोष्ट माहीत नाही असं झालं नाही. आजच व्हायचं होतं?"

तो रागावला नव्हता. त्याला त्या दोन आठवड्यांचं वाईट वाटत होतं, आणि मलाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गव्हाचा डबा काढला, शिरीषचं फ्लीसचं जॅकेट काढलं आणि ते घालून त्याला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं. तीन ओंजळी, मग वाकणं, मग डब्यात परत ओतणं, मग खिसे उलटे करून मोजणं. दहा वेळा. हळदीकुंकू वगळलं. शिरीषला वाकायचा कोन बरोबर जमेना.

"गार्गी जास्त वाकली होती," मी म्हटलं.

"गार्गी तेवीस वर्षांची आहे, सुनीता. माझी कंबर अठ्ठावन्न वर्षांची आहे."

मी आकडे लिहून काढले. तीन. अकरा. शून्य. सात. सतरा. चार. आठ. दोन. नऊ. सहा. पाच एकदाही आले नाहीत. तसे एकदा आले असते तरी त्याने काही सिद्ध होत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी दहाव्या वेळी खिसा उलटा करताना माझ्या मनात काय होतं, ते मी सांगायला नको.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. चार वाजले, साडेचार वाजले. बाहेर बर्फ पडत होता आणि रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी दोनदा जाऊन आली. त्याच संध्याकाळी काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जावं लागलं. सगळ्यांनी गार्गीबद्दल विचारलं, मी सगळ्यांना "मजेत आहे" म्हटलं. नुकत्याच लग्न झालेल्या एका मुलीची ओटी भरायला काकूंनी मला पुढे केलं. मी ताटातले तांदूळ ओंजळीत घेतले आणि तशीच थांबले.

"काय गं, मोजतेस की काय?" काकू म्हणाल्या. बायका हसल्या. "ओटी मोजून भरत नाहीत."

"माहीत आहे, काकू," मी म्हटलं, आणि तांदूळ घातले.

त्यानंतरच्या शनिवारी चारला तीन मिनिटं असताना फोन वाजला. तिचा आवाज थकलेला होता, पण तिचाच होता. मधल्या शनिवारी वाऱ्यामुळे फोन लागत नव्हता. बाल्डरखालच्या सगळ्या पिशव्या तिने बाद म्हणून खुणा करून वेगळ्या ठेवल्या होत्या. तिथे टाकून काहीच देता येत नाही, बाद झालेलंही परत न्यायचं असतं. मग ती आणि मार्था उताराच्या पलीकडच्या अंगाला गेल्या आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली, दुसरं जॅकेट घालून. ठरलं होतं त्याच्या निम्मीही माती होणार नव्हती. पदवी एक वर्ष लांबणार होती. हे सगळं तिने इंग्रजीत, भराभर, कामाचं बोलतात तसं सांगितलं.

मी तिला दहा आकडे वाचून दाखवले. काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं, आणि माझ्यापाशी तेवढेच होते.

पलीकडे ती हसायला लागली. "बाबा दहा वेळा वाकले?"

"शेवटच्या दोन वेळा खुर्चीला धरून."

"आय लव्ह यू गाइज," ती म्हणाली. वेळ संपली.

त्या पाच दाण्यांवर घरात नंतर फारसं बोलणं झालं नाही. ती फेब्रुवारीत परत आली, ओठ फुटलेले, गॉगलच्या खुणेने चेहरा दोन रंगांचा झालेला, आणि पहिले तीन दिवस नुसती वास घेत फिरत होती, फोडणीचा, साबणाचा, ओल्या मातीच्या कुंडीचा. मी त्या वर्षापासून पद्धत बदलली. ओटी आता निघायच्या आदल्या दिवशी, जुन्या सलवार-कमीजवर, ओढणीत. मग तिने आंघोळ करायची, ते कपडे घरी राहतात. गहू ओंजळीनंच घालते.

वर्ष खरंच लांबलं. शिरीष अधूनमधून ते वर्ष माझ्या नावावर मांडतो, चेष्टेत. मीही मांडते, चेष्टा न करता. फ्रिगने नंतर काय केलं असेल, हे त्या पुस्तकात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गार्गी पुन्हा निघतेय, या खेपेला नव्या विद्यार्थ्यांना शिकवायला. काल बॅगा घेऊन घरी आली तेव्हा तिने तिच्या प्रबंधाची बांधलेली प्रत माझ्या हातात ठेवली. जाड, निळी, आतलं मला फारसं कळणारं नव्हतं. मी सवयीने शेवटापासून सुरुवात केली, कारण तक्ते मागे असतात. एक तक्ता बाद केलेल्या नमुन्यांचा होता. त्यात बाल्डरखालच्या सगळ्या पिशव्यांचे क्रमांक होते, एकाखाली एक, आणि पुढच्या रकान्यात कारण: गव्हाचे दाणे, पाच सापडले, मूळ संख्या अज्ञात. त्यापुढे ही माहिती कोणाकडून मिळाली त्याचा रकाना. बाकी सगळीकडे शास्त्रज्ञांची नावं. या ओळींत प्रत्येक क्रमांकापुढे, एक्केचाळीस वेळा, लिहिलेलं होतं: सुनीता मोहरील, खाजगी संभाषणातून.

मी ते बोटाने खालपर्यंत वाचत गेले. गार्गी समोर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"हे कशाला घातलंस?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. "सोर्स द्यावा लागतो, आई," ती म्हणाली.